उशापाशी गेलेली तार

"काय हललं घरात?"

दारात चपला काढता काढता भाऊ एवढंच विचारायचे. आवाज कधी गेला, कुठल्या बाजूचा गेला, असलं काही नाही. आधी पाणी मागायचे, मग भिंतीला टेकून घरातल्या सामानाकडे असे बघत बसायचे की आपल्यालाच पसाऱ्याची लाज वाटावी. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. घाई तुम्हाला असते, त्यांना नसते.

वसमतच्या आमच्या गल्लीत घरोघरच्या होम थिएटरचे डॉक्टर तेच. मी शेजारीण, त्यातून शाळेत शिकवणारी, म्हणून त्यांची 'बाई'. आमच्या सेटचा एक डबा, म्हणजे स्पीकर, मुका झाला तेव्हा मी बटणं दाबून दाबून दमले होते. भाऊंनी सेटला हातही लावला नाही. भाव येईपर्यंत म्हणून दिरांनी हळदीची पोती आमच्याच बैठकीत आणून टाकली होती, तिकडे त्यांनी बोट केलं.

"बाई, यंत्राला कायी न्हाई झालं. तार दबली पोत्याखाली."

पोतं सरकवून तार ओढून काढली, तुटलेली टोकं दातानं सोलून पिळली, आणि डबा बोलायला लागला. निघताना कमरेवर हात ठेवून त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला. तो सुस्कारा सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता.

एप्रिलात तर त्यांचे हाल कुत्रा खात नसे. जयंतीच्या आधी आमच्याकडे घरं रंगवतात. रंगारी डब्यांच्या तारा काढतो, कुठली कुठं होती ते विसरतो आणि उघड्या टोकांवरही ब्रश मारून मोकळा होतो. जयंतीच्या सकाळी भीमगीतं लावावीत तर डबे गप्प. मग सगळ्या घरांतून एकदम भाऊंच्या नावानं ओरडा. ब्लेडनं तारेवरचा रंग खरवडत ते म्हणायचे, "भिंत रंगवा ना बाबा, तारेला काहून रंगवून राहिले?" संध्याकाळी स्वतःच्या घराची पायरी चढताना चौकट धरावी लागायची त्यांना.

आणि घरात वहिनी. त्यांना लकवा झाला होता, वाचा गेली होती. उजवा हात तेवढा हलायचा. मधल्या खोलीत लोखंडी पलंगावर त्या पडून असायच्या. बैठकीतल्या सेटपासून भिंतीच्या कडेनं तार नेऊन भाऊंनी त्यांच्या उशापाशी छोटा डबा ठेवला होता. सकाळी बुद्धवंदना, मग दिवसभर गाणी. अंथरूण बदलायला मी जायचे. पलंग जरा सरकला की तारेतला जोड सुटायचा आणि गाणं बंद पडायचं. मग वहिनी हातातली बांगडी पलंगाच्या दांडीवर वाजवायच्या.

"आलो गं, आलो," म्हणत भाऊ उठायचे. जोड पिळायचे, बायकोकडे बघायचे, "झालं का समाधान?" विचारायचे आणि परत जाऊन टेकायचे. टेकतात न टेकतात तोच पुन्हा बांगडी.

एका रविवारी दुपारी ते नुकते कामावरून आले होते. भाकरीचा पहिला घास तोंडात, आणि बांगडी वाजली. ते तसेच उठले. माझंच डोकं फिरलं.

"अहो भाऊ, गावभर तारा पक्क्या करत फिरता. इथं एक कथलाचा डाग द्यायला काय होतं तुम्हाला?"

"पक्का केला तर पलंगासंगं सेट खाली येईल, बाई."

"मग तार लांब घ्या!"

त्यांनी जोड पिळला, गाणं सुरू झालं, मग मला खुणेनं बैठकीत बोलावलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "लोकं मला दिवसभर हाका मारतात. हिच्यापाशी काय राहिलं? जोड पक्का झाला तर ती मला कशानं बोलावंल?"

मला रडू आलं. ते मी वहिनींच्या चादरीची घडी घालत आवरलं.

त्यानंतर मी नीट बघायला लागले. एकदा गाणं व्यवस्थित चालू असताना बांगडी वाजली. भाऊ आले, जोड चाचपला, डब्याला कान लावला. वहिनींच्या डोळ्यांत हसू होतं. "माझी गंमत करून राहिली," असं पुटपुटत ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्या दिवशी गाणं संपेपर्यंत उठले नाहीत.

हळद शिजवायच्या दिवसांत वहिनी गेल्या. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे परतले, त्या दुपारी मी चहा घेऊन गेले. भाऊ पलंगापाशी खाली बसले होते. हातात सोल्डरगन, समोर तो जोड आणि तार लांबवायला नवा तुकडा.

"राहू द्या ना, भाऊ."

"राहू देऊन काय करू?" मान वर न करता ते म्हणाले. "आता सुटला तर मला सांगंल कोण?"

डाग देऊन झाला. त्यांनी सेट लावला, चहाचा कप उचलला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी खोली झाडायला घेतली. झाडताना पलंग पार भिंतीपर्यंत ढकलला. गाणं थांबलं नाही. खिडकीतून भाऊ दिसत होते, पाठमोरे, शेजारी कपातल्या चहावर साय धरलेली. त्यांना आता कुणी उठवत नव्हतं.