कोरी पट्टी

पट्टीवर काहीच उमटलं नाही की खूश होणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. परभणीला जनावरांच्या प्रयोगशाळेत मी ससे सांभाळायला होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्या एकाही सशाला कधी खरूज दिसली नाही, हे कुणीही सांगेल. बाई चारठाण्याकडच्या, कंत्राटावर आलेल्या. सगळी लॅब त्यांना 'कोरी पट्टी' म्हणायची.

काम गाईच्या दगडीचं. दगडी झाली की कास सुजते, दूध जातं. बाई सांगायच्या, "मामा, सूज यायच्या आधीच पेशीत निरोप फिरतो. निरोप पोचवणारा एन्झाइम झोपेतून जागा होतो. आपल्याला तो जागा झालेलाच तेवढा ओळखायचाय." ओळखणारी ती अँटिबॉडी, आणि ती तयार होणार माझ्या सशांच्या रक्तात. एन्झाइमाचा तुकडा सशाला टोचायचा, पुढे कानातून रक्त घ्यायचं. त्या रक्ताचं पाणी गाईच्या पेशींचा अर्क चढवलेल्या कागदी पट्टीवर फिरवलं की काळी रेघ उठायची. पण बाई शेजारी आणखी एक पट्टी लावायच्याच. तिच्यावर त्याच सशाचं, टोचायच्या आधीचं रक्त. तिच्यावर रेघ उठता कामा नये. "जिथं न्हाई तिथं न्हाई म्हणते, तीच खरी."

खाण्यातही तेच. एकदा मी शेतातला हुरडा नेला. सगळे वा वा करत होते. बाई म्हणाल्या, "मामा, चटणी लय झकास हाय. आता हुरडा बिनचटणीचा द्या, मंग सांगते."

एकदा बाई गावी गेल्या असताना लॅबच्या साहेबांनीच पट्टी काढली. माझ्या पांढऱ्या मादीच्या रक्तानं ठसठशीत रेघ दिली. पेढे आले. काम पुढे वाढणार, बाई कायम होणार. बाई परत आल्या, पेढा हातातच धरून म्हणाल्या, "कोरी पट्टी कुठंय?"

ती लावलीच नव्हती. बाईंनी लावली. टोचायच्या आधीच्या रक्तानंही तीच रेघ, तिथंच. म्हणजे मादी त्या एन्झाइमाला नाही, गाईतल्या भलत्याच कशाला तरी ओळखत होती.

मी भडकलो. "माझ्या सशाला खोटं ठरवायल्या का?"

"तिचा काय दोष, मामा? तिच्याकडं होतं ते तिनं दिलं. खोटं आपण बोलायलोय."

साहेब म्हणाले, "कामाला पैसा देणारे पाहणीवाले येऊन जाऊ द्या, मग बघू."

"आन् या पट्टीच्या भरवशावर कुणी धडधाकट गाय दगडीची समजून बाजारला नेली तर?"

पाहणीवाले आले. बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. काम बंद झालं, कंत्राटही संपलं.

मी तोवर बाईंशी बोलतच नव्हतो. जायच्या दिवशी बाई सशांच्या खोलीत आल्या, पांढरीच्या कानामागं खाजवलं. "जपा हिला," म्हणाल्या. मी नुसती मान हलवली. कशासाठी नमायचं? पण त्यांची पेटी रिक्षापर्यंत मीच उचलली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता हुरड्याला पाहुणे आले की पहिला घास मी बिनचटणीचा देतो. परवा व्याही म्हणाले, "यंदा दाणा निबर हाय हो." डोक्यात तिडीक गेली. एक दाणा तोंडात टाकून पाहिला.

निबरच होता. मग चटणी पुढे सरकवली.