पाठ वाकवायचं काम

"मावशी, आधी चाळीस वाकडे उचला. दहा सरळ शेवटी घेऊ."

"चाळीस? काल तीसच हुते की रं!"

"काल यंत्राला तुमचं वाकणं नीट कळलं नाही," कंपनीतला पोरगा बोंग-ह्वान तिच्या कंबरेचा पट्टा आवळत म्हणाला.

"त्येला कळंना म्हून माझी कंबर मोडू व्हय?" म्हणत बुन-रेनं तळहाताला खडूची पूड चोळली.

ताक बुन-रे, वय बावन्न. कोरियातल्या वोन्जूच्या क्रीडाशाळेत वजनं उचलायला शिकलेली, एके साली प्रांतात तिसरी आलेली. तिथल्या गुरुजींनी बांबूची काठी लावून लावून तिची पाठ अशी ताठ केली, की भांडी घासतानाही वाकायची नाही. पुढं वीस वर्षं शाळेच्याच खानावळीत तिनं तांदळाची पोती उचलली, किमचीच्या लोणच्याचे डेरे हलवले. नवरा गेला, गुरुजी गेले. पाठ तेवढी राहिली.

मग ही कंपनी आली. मनगटाला, कंबरेला, मांडीला पट्टे बांधायचे आणि वजनं लावलेला बार उचलायचा. पट्टे हालचाल टिपणार, त्यावरनं यंत्र चूक-बरोबर ओळखायला शिकणार. बरोबर उचलणारी पोरं ढिगानं मिळाली. चुकीचं उचलणारं कुणी मिळेना. हलक्या वजनाखाली खोटं वाकलेलं चालत नव्हतं. खऱ्या वजनाखाली वाकणारी पाठ हवी होती. बुन-रेला वाटलं, आपल्या पाठीला काय धाड भरलीय! पाहिजे तेव्हा सरळ होईल. आठ महिने ती रोज वाकली.

सुगीचा सण झाला की शाळेत पोरींना शिकवायला तिला बोलावलं होतं. जन्मभर तिला हेच हवं होतं. पण शिकवणारीनं आधी पोरींसमोर स्वतः उचलून दाखवायचं, ही तिथली रीत. आणि महिनाभर तिचं डावं पाऊल बधिर पडत होतं. ती कुणाला बोलली नव्हती.

चाळीस झाले. मग सरळ. सरळ उचलीला पडद्यावर हिरवा दिवा लागायचा, वाकडीला तांबडा. तिनं श्वास कोंडून उचललं. तांबडा. परत उचललं. तांबडा.

"मावशी, वाकडे झाले की. आता सरळ."

"ह्यो सरळच हुता."

बोंग-ह्वान हसला. पट्टे तपासायला तो बारवरनं ढांग टाकून आला.

"बार वलांडू नगंस, त्येचा अपमान हुतो! वळसा घालून यायचं. किती डाव सांगू?"

पट्टे जागच्या जागी होते. दहाच्या दहा तांबडे निघाले.

"यंत्रच चुकत असेल," तो पुटपुटला.

"न्हाई. त्येला मीच शिकवलंय." ती बाकावर टेकली, पाऊल चोळत राहिली. चोळलेलं पावलाला कळत नव्हतं. "ह्यी धा बी वाकड्यात घाल. शाळंला मी कळवती, येत न्हाई म्हून."

"दवाखान्यात जाऊन या आधी."

"गेली आन् डागदरानं वजनं बंद केली, तर ठिवशीला का मला हितं?"

त्यानं ते दहा वाकड्यात नोंदले.

"मंग? दुपारचे किती लावल्यात?"

"...वीस."

बुन-रे उठली. डावा पाय ओढत, बारला सगळा वळसा घालून, खडूच्या डब्याकडं गेली.