भरतीची एक रात्र

शेवटचं साधं काम मी आणि बायकोने मिळून केलं ते चादर पिळायचं. मशीनवर तिचा भरवसा नव्हता. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. “जोर लावा की हो! नुसते धरून काय उभे?” म्हणाली, आणि छाती धरून खाली बसली. आठ दिवसांपूर्वी तिने साथीची लस घेतली होती. मीही घेतली होती. मला काही झालं नाही.

इकडे परदेशात, वॉलॉंगॉंगच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, हृदयाच्या आवरणाला सूज आहे, लसीने क्वचित येते, आज ठेवून घेऊ. पण सोबत कुणी थांबायचं नाही, साथीचा नियम. आमच्यात आजारी माणसाच्या उशाशी कुणीतरी लागतंच. तिला इंग्रजी येत नाही. पाणी मागायचं तर कुणाला मागणार? मी हट्ट धरला. माझ्या जबाबदारीवर नेतो म्हणून त्यांच्या कागदावर सही ठोकली आणि तिला घरी आणलं. ती म्हणत होती, “राहते हो मी.” ऐकलं नाही.

पुढे वर्षभर तिला जिना चढवेना. मग गेली. कशाने, नक्की कुणी सांगत नाही. आजार लसीचा, एवढं मात्र मोठ्या डॉक्टरने लिहून दिलंय. सरकारकडे भरपाईचा अर्ज तिनेच केला होता. ती गेल्यावर उत्तर आलं. नामंजूर. एक रात्र तरी दवाखान्यात भरती पाहिजे, असा नियम. मुलाने माझ्या सहीने फेरतपासणी मागितली.

मुलाने लावलेली वकीलबाई मुलाशीच बोलली. मी म्हणजे खुर्चीवर ठेवलेली पिशवी. “डज ही अंडरस्टँड? ही टुक हर होम.” मग माझ्याकडे बघून हसली. “ब्लेस हिम.” बिचारा, अशा सुरात. माझी शाळा सातवीपर्यंत. पण कीव कळते.

‘टिकणार नाही’ म्हणत तिने फेरतपासणी मागे घ्यायचा कागद सरकवला. मुलगा म्हणाला, “करा सही, बाबा. इट्स ओव्हर.”

“नाही करत. भरपाई तुझ्या आईने मागितली होती. मी कोण मागे घेणार?”

गाडीत तो एवढंच बोलला, “तुम्ही तिला राहू दिलं असतं तर, बाबा.”

खरं बोलला.  

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच बसने खासदाराच्या ऑफिसात गेलो. फोनवर मराठी दुभाष्या मागितला. काउंटरवरची मुलगी लहान पोराला म्हणावं तसं म्हणाली, “टेक अ सीट, डार्ल.” बसलो नाही. दुभाष्याला सांगितलं, तिला लिहून घ्यायला सांगा. सही माझी. गुन्हा माझा. तो बायकोच्या नावावर टाकू नका. तिचा आजार खरा होता. नियम बदला.

मुलगी म्हणाली, कळवू.

म्हणालो, कळवू नका. मी सोमवारी येतो. दर सोमवारी येणार.