लातूरचं पाणी आंबा घाटात

आधीच सांगून ठेवते, मी ड्रायव्हर न्हाई. मी एसटीची कंडक्टर. रिटायर झाले म्हणतात, पण कंडक्टर काही रिटायर होत नसते, फक्त तिकिटाचं मशीन काढून घेतात. त्यामुळं जीपमागं ट्रेलर लावून कोकणात कसं जायचं, हे विचारायचं असेल तर माझ्या लेकीला विचारा. ट्रेलरमध्ये काय भरू नये, हे मात्र माझ्याइतकं पक्कं तुम्हाला कोणी सांगणार नाही.

लेक म्हणजे प्रज्ञा. जनावरांची डॉक्टर. गेल्या वर्षी औशाहून घरी येताना तिन्हीसांजेला तिची जीप उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर, ट्रॅक्टरवाला आपला गाणी लावून मजेत. पोरीचा डावा हात मोडला. हात जुळला, जीपही दुरुस्त झाली, पण तिच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. कुठं जायचं तर रिक्षा, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागं. त्यात बदली आली किनवटला. तिकडं जंगलातली गावं. अडलेली म्हैस काही एसटीचा टाईम बघून अडत नाही, स्वतःची गाडी पाहिजेच. एक दिवस मेथी निवडता निवडता प्रज्ञा म्हणाली, "आई, मी नोकरी सोडून देते."

मला असा राग आला म्हणता! एवढं जिवाचं रान करून शिकली ते काय मेथी निवडायला?

त्याच रागात मी भाच्याकडं गेले. बबलूचं लातुरात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. एका हौशी गिऱ्हाइकासाठी त्यानं जीपमागं ओढायचं चाकावरचं घर बनवलं होतं. दोन बर्थ, गॅस, बेसिन, पाण्याची टाकी, कागदपत्रं पक्की. गिऱ्हाईक 'बायकोला विचारून येतो' म्हणून गेलं ते परत आलंच नाही.

"बबलू, हा डबा मला दे. समुद्र बघून येते."

"आत्या, ओढणार कोण?"

"हाय एक ड्रायव्हर."

ड्रायव्हरला सांगितलं तर ती बघतच राहिली. "मला साधी जीप चालवंना, अन् तू मागं घर लावून राहिलीस?"

मग दोन दिवस आमचं जुंपलं. शेवटी मी रडले. थोडं खरं, थोडं नाटक. "जन्मभर लोकांची तिकिटं फाडली, पण समुद्र काही बघितला न्हाई." प्रज्ञा विरघळली, पण अट घातली. "तू पुढं बसायचं न्हाई. पुढं बसलीस की 'अगं बाई!' करतीस अन् नसलेला ब्रेक दाबतीस. मागं बस, अन् तोंड बंद."

मंजूर. कंडक्टरची जागा मागंच असते. पण अजिबात बोलायचं नाही म्हणजे अतीच झालं, म्हणून मागच्या सीटपासून आरशापर्यंत सुतळी नेऊन मी तिथं एक घंटी टांगली. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरला 'घाबरू नको' म्हटलं की तो हमखास घाबरतो. डबल बेल दिली की गुमान गिअर टाकतो.

निघायच्या आदल्या दिवशी प्रज्ञा कपडे भरत होती आणि मी, तिच्या नकळत, पाणी. टाकी काठोकाठ. बर्थखाली कॅन, बेसिनखाली कळशी, कोपऱ्यात पांघरुणाखाली घागरी आणि दुधाच्या दोन बरण्या, त्याही पाण्यानंच भरलेल्या. हसू नका. आम्ही दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं. घरात एक भांडं रिकामं दिसलं तर मला झोप लागत नाही.

आमची वाट अशी: औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. औशात निलंगा राईस आणि गरम भजी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका, पोट संध्याकाळपर्यंत तक्रार करत नाही. त्याआधी, औशाच्या अलीकडं, जिथं अपघात झाला ती जागा आली तशी प्रज्ञानं गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली. मागं ट्रकवाल्यांनी हॉर्नचा नुसता बाजार मांडला. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली होती, ती गिळली आणि दोनदा सुतळी ओढली. ठण ठण. गेली पोरगी.

सोलापूरच्या पुढं रस्ता झकास आहे, पण मागं ट्रेलर असेल तर साठच्या वर जाऊ नका. टोलनाक्यावर सुट्टे पैसे अन् सबुरी, दोन्ही ठेवा. प्रत्येक नाक्यावरचा माणूस आमच्या डब्याकडं बघून विचारात पडायचा, मग साहेबाला हाक मारायचा, मग साहेबही विचारात पडायचा. एकानं तर विचारलं, "सर्कस कुठं लागणार हाय?" मिरजेच्या पुढं एका पंपावर मालकाला विचारून मुक्काम केला. डिझेल भरलं की जागा फुकट, संडास स्वच्छ. घरचे धपाटे आणि शेंगाची चटणी खाऊन दोघी बर्थवर आडव्या झालो. प्रज्ञा वरून म्हणाली, "जमून राहिलंय गं." मी अंधारातच कडाकडा बोटं मोडली. दृष्ट लागायची.

आणि लागलीच. आंबा घाटाचा उतार सुरू झाला तसा डबा मागून ढकलायला लागला. ब्रेक दाबला की धक्का, वळण आलं की डुलतोय. प्रज्ञाची पाठ काठीसारखी ताठ झालेली मला मागून दिसत होती. एका रुंद वळणावर तिनं जीप कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बघितलंस न्हवं? गाडी माझं ऐकंनाच. हातच राहिला न्हाई माझा. कुणाला तरी बोलव, खाली नेऊन लाव म्हणावं. अन् किनवटचं नाव काढू नको परत."

गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचली असती. खोटं कशाला सांगू, क्षणभर तसा विचारही केला. मग त्या हातांकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

"पोरी, तुझा हात ठणठणीत हाय. बर्थखाली पाणी हाय."

"पाणी? किती?"

"बरंच."

ती खाली उतरली, डब्याचं दार उघडलं, बर्थच्या फळ्या उचलल्या. कॅनमागून कॅन बाहेर यायला लागले. शेवटी कळशी हातात घेऊन ती रस्त्यात उभी राहिली. "आई, आपण समुद्राला चाललोय!"

"समुद्राचं पाणी पिता येतं का?"

"अगं, कोकण हाय ते! दारादारात विहिरी असतात!"

"मला काय माहीत? मी कधी गेले होते?"

प्रज्ञा कठड्यावर बसली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. वर्षभरात मी ते हसू ऐकलं नव्हतं. मलाही हसू आलं, मग रडू आलं, आणि या वेळी नाटक नव्हतं.

पण ओतायचं कसं? पहिली कळशी उचलली तर हात वळेना. चांगलं पाणी रस्त्यावर टाकायचं म्हणजे आमच्याकडं पापच. शेजारी एक ट्रकवाले चाचा ब्रेक गार करत थांबले होते. आमची लातूरची एमएच चोवीस पाटी बघून जवळ आले. मी आमची कथा सांगितली. चाचा आमच्याच जिल्ह्यातले, उदगीरचे निघाले.

"बहेन, फेकू नका, इकडं द्या. गावचं पानी हाय, कसं वाया घालवायचं?" म्हणत त्यांनी रेडिएटर भरला, आपले डबे भरले, उरलेल्या पाण्यानं मस्त तोंड धुतलं. बाकीचं मी एकेका झाडाच्या बुडाशी ओतलं. निम्मी टाकीही सोडली. एक कॅन मात्र ठेवला. प्रज्ञानं बघून न बघितल्यासारखं केलं.

मी मागं बसले. डबल बेल. दुसऱ्या गिअरमध्ये प्रज्ञा घाटाखालच्या साखरप्यापर्यंत उतरली, आणि डबा गाईमागं वासरू यावं तसा आला.

समुद्र पहिल्यांदा बघितल्यावर काय वाटलं, असं सगळे विचारतात. राग आला! एवढं पाणी, अन् राखणीला कोणी नाही. प्रज्ञा म्हणाली, "जा आई, इथं नंबर लावावा लागत न्हाई." मग मी साडी खोचून गेले ती गुडघ्यापर्यंत भिजूनच आले.

रत्नागिरीहून देवगडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा रस्ता घ्या. अरुंद आहे, खड्डे आहेत, पण दर डोंगराच्या वळणावर खाली समुद्र. देवगडच्या अलीकडं एका काकूंच्या अंगणात डबा लावला. रात्रीचे पाचशे रुपये, मासळीचं ताट वेगळं. बांगडा झकास, काट्यांनी मात्र जीव खाल्ला. सोलकढी मला आधी रंग पडलेलं ताक वाटली, मग तीन वाट्या प्याले. काकूंनी डब्यातला कॅन बघितला. "खंयसून इलात? लातूर? आणि पाणी घेवन इलात?" त्यांनी मला हाताला धरून विहिरीवर नेलं. हात घातला तर लागेल इतकं वर पाणी. मी बराच वेळ तिथंच उभी राहिले. मत्सर म्हणतात तो हाच.

खरी परीक्षा झाली परतताना. दोन्हीकडं चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे जेमतेम एका गाडीचा रस्ता, आणि समोरून एसटी. बस भरलेली, म्हणजे मागं आम्हीच जायचं. ट्रेलर मागं घेणं म्हणजे सगळंच उलटं. डबा डावीकडं हवा तर स्टिअरिंग उजवीकडं. प्रज्ञानं आरशात माझ्याकडं बघितलं. मी सुतळी सोडली आणि खाली उतरले. एसटीची कंडक्टरही उतरली, माझ्या लेकीच्या वयाची.

"मावशी, तुम्ही व्हा बाजूला, मी घेते बघून."

"बाई, मी लातूर आगाराची."

तिनं मला वरून खाली बघितलं आणि हसली. मग ती पुढून, मी मागून. मी डब्याच्या पत्र्यावर थाप मारत होते, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." दोनदा डबा तिरका झाला, गडग्याला घासणार एवढ्यात मी एक थाप मारली आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा सरळ, पुन्हा मागं. शेवटी एका फाटकापाशी जागा मिळाली आणि एसटी सरकन निघून गेली. खिडकीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा घामानं चिंब झाली होती. उतरून डब्याभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "एक ओरखडा न्हाई गं!"

घरी आल्यावर डबा बबलूला परत दिला. एक कॅन तेवढा तसाच भरलेला घरी परत आला. जीपवरची ताडपत्री मी गच्चीवर तूर वाळवायला अंथरली.

सोमवारी प्रज्ञा किनवटला हजर व्हायला निघाली. एकटी. मी कॅन भरून दारात रांगेनं लावले होते. तिनं त्यातला एक उचलून मागं ठेवला, बाकीचे राहू दिले. मी विचारलं, "येऊ का नांदेडपर्यंत?" "नको," म्हणाली. मी आत वाकून बघितलं. सुतळी सोडून टाकली होती, घंटी मात्र आरशाला तशीच होती.

गाडी सुरू झाली. सांगायचं तर खूप होतं: सावकाश जा, उसाच्या ट्रॉल्या बघ, पोचल्यावर फोन कर. मी तोंड बंद ठेवलं आणि जीपच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. कोपऱ्यावर तरी मागं बघेल म्हणून मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. तिनं बघितलं न्हाई. कशी बघेल? डबल बेल दिल्यावर ड्रायव्हरनं पुढंच बघायचं असतं.