इतर अटी

त्यांना सगळे वाचाबाई म्हणायचे. नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्या टाइपरायटर घेऊन बसत आणि घरांची, जमिनींची खरेदीखतं टाइप करून देत. मजकूर तयार झाला की विकणाऱ्याच्या हातात कागद देऊन म्हणत, "आधी वाचा. मोठ्यानं. मग सही." ज्याला वाचता येत नसे, त्याला त्या स्वतः वाचून दाखवत.

तेव्हा घर घेणं म्हणजे अख्खा दिवस जायचा. दोन्हीकडची माणसं, साक्षीदार, लहान मुलं, डबे असा सगळा लवाजमा यायचा. शिपायानं नाव पुकारेपर्यंत बाकावर बसून राहायचं. अंगठे शाईत बुडायचे आणि मागच्या नळावर ते धुता धुता विकणारा नि घेणारा एकमेकांच्या घरची चौकशी करायचे. त्यात लबाडीही चालायची. एकच घर दोघांना विकल्याचं एक प्रकरण वाचाबाईंच्या हातूनच टाइप झालं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग कॉम्प्युटर आले. अंगठा काचेवर ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं. पुढं तर अर्ज घरबसल्या भरायचा, वेळ ठरवून घ्यायची आणि त्या वेळेला जायचं, एवढंच उरलं. शेड ओस पडली. वाचाबाईंची मुलगी म्हणाली, "आई, आता पुरे. आराम कर."

"आराम करून काय करू? भिंती मोजू?"

त्या कॉम्प्युटरच्या क्लासला गेल्या. वर्गात सगळी नातवंडांच्या वयाची. महिनाभर माउस त्यांचं काही ऐकेना, मग हळूहळू वळणावर आला. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं. फोनवर अर्ज भरताना अडलेली माणसं येऊ लागली आणि पुन्हा जम बसला. तरी कुरकुर चालूच असे, "या यंत्राला साचेबंद मजकूर कळतो. माणूस कळत नाही."

एक दिवस एक निवृत्त नर्स आपल्या भाच्याला घेऊन आली. तिनं आपलं घर भाच्याला विकायचं ठरवलं होतं. अर्ज त्यानंच भरला होता, फक्त छापून हवा होता.

"छापते," वाचाबाई म्हणाल्या, "पण आधी वाचा. मोठ्यानं."

नर्सनं चष्मा चढवला आणि वाचायला लागली. निम्म्यावर अडली. "'मिळकतीचा संपूर्ण ताबा आज रोजी दिला.' म्हणजे काय हो?"

"म्हणजे घर रिकामं करून किल्ली द्यायची."

"पण मी तर मागच्या खोलीत राहणार आहे!"

भाचा गोंधळला. "अगं आत्या, राहणारच आहेस तू. ते वाक्य आधीपासूनच होतं त्यात. मी नुसतं 'पुढे' दाबत गेलो."

"मग राहणार असं लिहायला काय हरकत आहे?" वाचाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. लिहा की."

लिहायचं कुठं? वाचाबाईंनी ताब्याचं वाक्य बदलायचा प्रयत्न केला. यंत्र ढिम्म. पुन्हा केला. लाल अक्षरांत नकार. "बघा, मी म्हणत नव्हते?" असं पुटपुटत त्यांनी कार्यालयात फोन लावला. तिथली कारकून मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, अगदी खाली जा. 'इतर अटी' असं दिसेल. तिथं हवं ते लिहा, तेही दस्तात येतं."

वाचाबाई खाली गेल्या. चौकोन होता. इतकी वर्षं अर्ज भरत होत्या, पण तिथवर कधी गेल्याच नव्हत्या. "मेलं, होतं की इथंच!" असं म्हणून त्या स्वतःवरच हसल्या.

"वरील ताबा पुढील हक्क राखून," त्यांनी सुरुवात केली. मागची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, हयातभर.

"आणि खिडकीतल्या कुंड्या," नर्स म्हणाली.

भाचा हसला. "कुंड्याही लिहा. नाहीतर रोज ऐकावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला ते कार्यालयात गेले. नर्सनं ठेवणीतले कपडे घातले होते. अधिकाऱ्यांनी दोघांना संमती विचारली, अंगठे घेतले, फोटो काढला.

"झालं?" नर्स खुर्चीतच बसून राहिली. "एवढंच? माझ्या आयुष्याचं घर आहे हो ते."

अधिकारी म्हणाले, "बसा तुम्ही. पाणी मागवतो."

काही महिन्यांनी वाचाबाई सहज तिच्याकडे गेल्या. नर्स मागच्या दारात बसली होती. पायरीला नवा कठडा लागला होता.

"गुडघे दुखतात ना माझे, म्हणून भाच्यानं बसवून घेतला," ती म्हणाली. "मी काही मागितला नव्हता हं."

मग तिनं हाक मारून भाच्याच्या बायकोला चहा टाकायला सांगितलं, आणि त्या मुलीनं आतून वाचाबाईंना विचारलं, "साखर किती, काकू?"