सगळीकडची माती

"थोडं थोडं सगळीकडून घ्या," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. पोह्यांचं मीठ बघायचं असलं तरी त्या कढईत तीन ठिकाणी चमचा घालायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झालेल्या, म्हणून घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सगळेच त्यांना बाई म्हणायचे.

त्यांचे यजमान, आमचे काका, पॅरालिसिसच्या झटक्यानंतर फक्त लॉनवर चालत. फरशीवर डावा पाय टाकायला घाबरायचे. गवतावर मात्र चप्पल काढून, बाईंचा खांदा धरून एक फेरी मारायचे. वरून बघणाऱ्याला वाटावं, दोघं काहीतरी हरवलेलं शोधतायत.

तेच लॉन पिवळं पडलं. खत टाकलं, पाणी वाढवलं, उपयोग शून्य. मीटिंगमध्ये प्लास्टिकच्या गवताचा विषय निघाला तेव्हा बाई उठल्या. "आधी माती तपासू. काय कमी आहे ते तरी कळू दे."

मी खजिनदार. खर्च किरकोळ होता, लगेच मंजूर झाला.

रविवारी सकाळी त्या प्लास्टिकची बादली घेऊन उतरल्या. "लोखंडी नको, तिचं लोखंड मातीत उतरतं." नागमोडी चालत, जागोजागी वरचं गवत बाजूला करून त्या बोटभर खोलीपर्यंतची माती काढत होत्या.

काका खुर्चीतून ओरडले, "अगं, तिथे काहीच उगवत नाही. तिथली कशाला?"

"तिथली तर हवीच."

सगळी माती कालवून त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात वर्तमानपत्रावर वाळत घातली, मग पिशवीत भरून चेअरमनकडे दिली.

रिपोर्ट चेअरमननीच मीटिंगमध्ये वाचला. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं भरपूर. "माती एक नंबर! म्हणजे गवतच बेकार." प्लास्टिकच्या बाजूने हात वर झाले.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "ही लॉनची माती नाही."

"नाहीच! अहो, तुमच्या पिशवीत सिमेंटचे खडे. लॅबवाले काय म्हणतील, एवढ्या मोठ्या सोसायटीची ही माती? मी गेटजवळच्या गुलाबांची भरून दिलेली." ते कौतुकाच्या अपेक्षेने हसले.

"मग परत पाठवू."

"आता कुठे परत, बाई? सगळ्यांनी हात वर केलेत."

पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलावा, तसं केलं होतं त्यांनी. वाईट हेतू नव्हता. त्याने फरक काहीच पडला नाही.

माती उचलायला माणसं आली त्या दिवशी बाईंनी पुन्हा बादली भरली. थोडी थोडी, सगळीकडून. बाल्कनीतल्या ट्रेमध्ये पसरून त्यात गवताच्या काड्या लावल्या.

नव्या गवतावर काकांनी एकदाच पाय ठेवला. "टोचतंय गं," म्हणाले आणि चप्पल मागितली. नंतर ते खाली उतरले नाहीत. बाल्कनीचं ग्रिल धरून ट्रेमधल्या ओल्या मातीत उभे राहायचे आणि जागच्या जागी पाय हलवायचे.

"चालतोय ना मी?"

"चालताय की."

काड्यांनी मुळं धरली नाहीत. काका त्याच उन्हाळ्यात गेले. बाईंना मुलगा नाशिकला घेऊन गेला. खालचं गवत बारा महिने हिरवं असतं.

झाडांना पाणी घालायला त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. तुळस जगवली आहे. ट्रेमध्ये मात्र मी पाणी घालत नाही. ती माती वाळून दगड झाली आहे आणि तिच्यात दोन पावलं आहेत: उजवं खोल, डावं जेमतेम उमटलेलं.