डॉ. वसुधाताईंचा राग

डॉ. वसुधाताई पारखी यांच्याकडे मी प्रथम गेले, तेव्हा माझ्या पर्समध्ये तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर एकच निदान: घबराहट. मी इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता अचानक छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि पंधरा मिनिटांत सगळं थांबायचं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. "मॅडमजी, टेंशन मत लिया करो," एवढं सांगून मला झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या.

वसुधाताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धडधड हळूहळू वाढते, की बटण दाबल्यासारखी सुरू होते?"

"बटण दाबल्यासारखी."

"मग आधी हृदय तपासू. ईसीजी काही सेकंदांचा असतो. तेवढ्यात झटका आला नाही, तर त्यात काय दिसणार?"

त्यांनी छातीला दिवसरात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र लावून मला वर्गावर पाठवलं. चौथ्या दिवशी झटका आला. ठोके मिनिटाला एकशे नव्वद. ताईंनी कागदावर चित्र काढलं. ठोक्याची वीज हृदयात वरून खाली एकाच वाटेने उतरते. माझ्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट होती. वीज तिथून वर परतून गोल फिरत राहायची. पुढे शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून ती वाट जाळून बंद केली. त्यानंतर झटका आलेला नाही.

ताई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मला विचारून, त्या मला घेऊन चिठ्ठी देणाऱ्या तिघांपैकी तिसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि यंत्राने नोंदलेल्या ठोक्यांची पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. "हे वाचा आणि यांची माफी मागा."

"मॅडम, इतनी भीड़ में सबकी कहाँ तक सुनें?"

"मग कमी पेशंट तपासा."

त्या डॉक्टरांनी माफी मागितली नाही. मला आजही त्याची चीड येते. त्याहून अधिक चीड येते ती जुनी इंदूर भागात राहणाऱ्या माझ्या मावशींच्या आठवणीने. त्यांची नाडी वेडीवाकडी चालायची. "उमर है," म्हणून त्यांना घरी पाठवलं. अशा हृदयात रक्त साकळतं; मावशींची गुठळी मेंदूत गेली आणि उजवा हात लुळा पडला. ताईंनी मावशींची फाईल पाहिली आणि त्यांना घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरव समितीने मला त्यांच्या 'शांत, सोशिक स्वभावा'वर लिहायला सांगितलं. क्षमा असावी, तो स्वभाव मी पाहिलेला नाही. ताई, आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि आपला राग कधीही निवळू नये.